पिकअपचा ‘स्लो’ बाराशेवर का अडकला?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी वडिलांनी मला पॅकिंगच्या शेडजवळ बोलावून घेतले आणि पिकअपचा आवाज ऐकायला सांगितले. गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती, एक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नव्हता, तरी इंजिन असे चालले होते की जणू कुणीतरी आत बसून हलकी रेस धरून ठेवली आहे. वडिलांची तक्रार आवाजापुरती नव्हती. शेडमध्ये रिव्हर्स घेताना क्लच जरा सुटला की गाडी मागे झेप घेत होती, आणि मागे क्रेट उचलणाऱ्या बायका उभ्या असत. “एखाद्या दिवशी कुणाच्या तरी पायावर जाईल ही,” एवढेच ते म्हणाले, आणि त्यानंतर ही दुरुस्ती पुढे ढकलण्याचा प्रश्नच उरला नाही.

आमची पिकअप २००६ सालची आहे. चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले, थेट इंजेक्शनचे डिझेल इंजिन आणि त्याला डिझेल पुरवणारा फिरता यांत्रिक पंप. या गाडीत संगणक नाही, सेन्सर नाहीत, त्यामुळे स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचण्याची सोय नाही. उलट, जे काही घडते ते तारा, स्प्रिंगा, स्क्रू आणि डिझेलचा दाब यांच्यामुळेच घडते, आणि त्यातले बरेचसे डोळ्यांनी पाहता येते. आमच्याकडचे मिस्त्री आयडलिंगला, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालते त्याला, ‘स्लो’ म्हणतात. ‘स्लो वाढलाय’ असे सांगितले की बहुतेक गॅरेजांमध्ये पहिला हात स्लोच्या स्क्रूकडे जातो, आणि माझ्या मते चूक तिथेच सुरू होते. कारण स्लो का वाढला हे न शोधता स्क्रू फिरवला, तर तपासाचा एकमेव भरवशाचा खुणेचा दगडच आपण हलवून टाकतो. आमच्या बाबतीत तो आधीच हलवलेला होता, हे मला नंतर कळले.

पेट्रोल गाडीवर हात बसलेल्या माणसाला इथे एक गोष्ट उलटी समजून घ्यावी लागते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते आणि त्या झडपेच्या पलीकडे कुठे पाइप फाटला तर जास्तीची हवा शिरून स्लो वाढू शकतो. आमच्यासारख्या डिझेल इंजिनात हवेला अशी झडपच नसते. हवा कायम पूर्ण मोकळी, आणि वेग ठरतो तो फक्त दर फेरीला किती डिझेल आत जाते त्यावर. (काही जुन्या इनलाइन पंपांचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणारा भाग, हवेच्या ओढीवर चालतो, त्यांच्या पडद्याला किंवा नळीला भोक पडले तर इंजिन बेफाम रेस होते. तो प्रकार वेगळा.) म्हणून डिझेलचा स्लो वाढला असेल तर प्रश्न एकच राहतो: हे जास्तीचे इंधन येते कुठून?

या प्रश्नाचे एक उत्तर धोक्याचे आहे, म्हणून ते सर्वांत आधी तपासायला हवे. ते जास्तीचे इंधन पंपातून येतच नसेल, तर इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत असते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सील गेल्याने, किंवा क्रँककेसमधील डिझेल मिसळलेले पातळ ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून हवेच्या वाटेत ओढले गेल्याने असे होऊ शकते, आणि मग किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. म्हणून मी पहिल्यांदा डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल खुणेच्या वर नव्हते आणि त्याला डिझेलचा वास नव्हता. नंतर इंजिन सुरू करून किल्ली बंद केली. इंजिन तत्काळ थांबले, म्हणजे जे काही येत होते ते पंपातूनच येत होते. ज्यांच्या गाडीत ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल त्यांनी ती गाडी सुरूच करू नये, कारण पंपाच्या शाफ्टचे सील गळून डिझेल थेट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. आणि कधी इंजिन असे हाताबाहेर गेलेच, तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा म्हणजे ते गुदमरून बंद पडेल. हवेच्या तोंडावर हात मात्र कधीही ठेवू नये.

यानंतर मोजमाप. आमच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा, म्हणजे दर मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा नाही, आणि ‘जरा जास्त वाटतो’ या शब्दांवर कुठलीही दुरुस्ती उभी राहत नाही. मी क्रँकच्या पुलीवर चमकणाऱ्या पट्टीचा छोटा तुकडा चिकटवला आणि लेझरच्या टॅकोमीटरने आकडा घेतला. हे यंत्र फार महाग नसते, पण ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन ठोके पडतात, म्हणून ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ ठोके आणि १२०० ला बरोबर ४० ठोके होतात. मोबाइलवर आवाजाची वारंवारिता दाखवणारे ॲप असेल तर हा ठोका त्यात दिसतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत स्लो ८०० च्या आसपास हवा असे आहे. इंजिन गरम झाल्यावर आकडा आला ११८०. पहिल्या गिअरमध्ये पाय काढून घाट उतरताना गाडी जितक्या गतीने सरकायला हवी त्याच्या जवळजवळ दीडपट गतीने ती सरकत होती, याचा अर्थ उतारावर सगळा भार ब्रेकवर येत होता.

मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि तपासाची दिशा खरे तर तिनेच ठरवली. आमच्या निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. अशा पहाटे गाडी सुरू केली की स्लो ९५० च्या जवळ असे, आणि पिंपळगावच्या बाजारातून टोमॅटो टाकून परत येईपर्यंत तो ११८० झालेला असे. म्हणजे इंजिन थंड असताना कमी, गरम झाल्यावर जास्त. हायलक्ससारख्या काही जुन्या जपानी पिकअपच्या पंपावर मेणाची एक कुपी असते. रेडिएटरचे पाणी गरम झाले की ते मेण फुगते आणि थंडीसाठी वाढवून ठेवलेला स्लो खाली येतो. पाणी कमी असेल किंवा कुपी निकामी झाली असेल तर स्लो वरच अडकतो, पण तिथे वेग थंडीतल्या आकड्यावरच राहून जातो. आमच्या पंपावर ती कुपी नाही, आणि आमचा क्रमही त्याच्या उलट होता. थंड ऑइल घट्ट असते, इंजिनाला ते घुसळायला जोर लागतो. गरम झाल्यावर तोच जोर मोकळा होतो आणि वेग वर चढतो. याचा सरळ अर्थ असा की पंप सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा, गरजेपेक्षा जास्तच डिझेल देत होता. सकाळी फक्त थंडीने ते झाकले जात होते.

आता केबल. वाढलेल्या स्लोचे सर्वांत साधे कारण म्हणजे एक्सिलरेटरची केबल गंजून अडकणे, तिला गरजेपेक्षा ताण असणे, पेडलची परतीची स्प्रिंग ढिली पडणे किंवा पायाखालची चटई पेडलखाली सरकणे. मी केबल पंपाच्या लिव्हरवरून सोडवली आणि गाडी सुरू केली. आकडा तोच. केबल निर्दोष ठरली. पेडलच्या बुशीत धूळ आणि ग्रीसचा चिकटा होता तो साफ केला, पण त्याचा या दोषाशी संबंध नव्हता.

पुढची तपासणी सगळ्यांनी करावी असे मला मनापासून वाटते, कारण तिला हत्यार लागत नाही आणि तिच्यावरून दोष बाहेर आहे की आत, हे लगेच कळते. पंपाचा लिव्हर जिथे मागे येऊन टेकतो तिथे स्लोचा स्क्रू असतो. त्या दोघांच्या मध्ये कागदाची पट्टी धरून पाहावी. पट्टी घट्ट पकडली गेली तर लिव्हर स्क्रूवर टेकलेला आहे, म्हणजे वेग त्या स्क्रूनेच धरून ठेवला आहे आणि तो मोकळा करून वेग कमी होऊ शकतो. पट्टी आरपार निघून आली तर लिव्हर आणि स्क्रू यांची भेटच होत नाही. एक तर लिव्हर दुसऱ्या कशाने तरी पुढे अडवला गेला आहे, नाही तर दोष पंपाच्या आत आहे. आमच्याकडे पट्टी निघून आली. लिव्हर आणि स्क्रू यांत जवळपास दोन मिलिमीटरची फट होती, लिव्हर हाताने मागे ढकलला तरी आणखी हलत नव्हता, आणि स्क्रूचे आटे नटाच्या बाहेर इतके आले होते की कुणीतरी तो शक्य तितका मागे घेतला आहे हे उघड दिसत होते. स्क्रू मागे घेण्याची जागा संपली होती आणि वेग तरीही ११८० होता.

इथे मी एक दिवस वाया घालवला, तोही सांगायला हवा. डिझेलच्या वाटेत हवा शिरत असेल अशी शंका आल्याने मी परतीच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडला आणि बुडबुडे शोधत बसलो. बुडबुडे नव्हते. खरे तर हवा धरलेल्या पंपाचा स्लो एका आकड्यावर ठाम राहत नाही, तो खालीवर होतो, आणि आमचा तर खिळ्यासारखा स्थिर होता. त्याच ओघात परतीच्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे नळी पंपाला जोडणारा पोकळ बोल्टही तपासला. अशा पंपांवर या बोल्टला अगदी बारीक भोक असते, त्याने पंपाच्या आतला दाब टिकून राहतो. फिल्टर बदलताना तो येणाऱ्या नळीच्या बोल्टशी अदलाबदल झाला तर पंपाचे सगळे गणित बिघडते. दोन्ही बोल्ट दिसायला जुळ्या भावांसारखे असल्यामुळे ही चूक सहज होते. आमचे बोल्ट जागच्या जागी होते.

मग मी पंपाच्या मागच्या बाजूला, जिथून चार नळ्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जातात तिथे, टॉर्च धरून पाहिले. त्या बाजूला वरच्या झाकणात आणखी एक स्क्रू असतो. तो पूर्ण भाराला जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचे हे ठरवतो, आणि पंप दुकानातल्या चाचणीच्या बाकावर तपासल्यानंतर त्यावर तार ओवून शिशाचे सील मारलेले असते, कारण गाडीच्या मालकाने त्याला हात लावू नये अशी अपेक्षा असते. आमच्या पंपावर तार तुटलेली होती, सील नव्हते, आणि नटाच्या कडांवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. बाकीचा सगळा पंप धुळीने आणि डिझेलच्या थराने काळा पडलेला असताना ते ओरखडे अंधारातही उठून दिसले.

हा स्क्रू पूर्ण भाराचा असेल तर स्लोशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न मलाही पडला होता. या पंपात एकच दट्ट्या असतो. तो इंजिनाच्या निम्म्या वेगाने गोल फिरतो आणि त्याच वेळी पुढेमागेही होतो, आणि चारही सिलिंडरला आळीपाळीने डिझेल पोहोचवतो. त्या दट्ट्यावर एक सरकती कडी बसवलेली असते. कडी जिथे असेल तिथे दट्ट्याचे भोक उघडे पडते आणि त्या फेरीतला डिझेलचा पुरवठा थांबतो. कडी एका बाजूला सरकली की जास्त डिझेल, दुसऱ्या बाजूला सरकली की कमी. कडी हलवण्याचे काम गव्हर्नरच्या तरफा करतात: एकीकडून फिरणारी वजने वेग वाढला की तरफा ढकलतात, दुसरीकडून स्प्रिंग ओढून धरते, आणि स्लोला ही ओढाताण फार नाजूक तोलावर येऊन थांबते. पूर्ण भाराचा स्क्रू या तरफांचा टेकूच सरकवतो. म्हणून तो आत फिरवला की कडी प्रत्येक वेगाला जास्त डिझेलच्या बाजूला सरकते, आणि स्लोही त्यातून सुटत नाही. स्क्रू फार आत गेला तर स्लोचा स्क्रू पूर्ण मागे घेऊनही वेग खाली येत नाही, कारण तरफांचा टेकूच पुढे गेलेला असतो. मी जे दोन मिलिमीटर पाहिले होते, त्यांचा अर्थ हा होता.

संध्याकाळी चुलतभावाला विचारले तेव्हा उरलेली गोष्ट कळली. पावसाळ्यात तो कांदे घेऊन जात असताना गाडी चढाला ओढत नव्हती. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये त्याने ती दाखवली, आणि तिथे दहा मिनिटांत ‘पंप थोडा वाढवून’ दिला गेला. “दादा, थोडी बरी ओढायला लागली होती, म्हणून मी काही बोललो नाही,” तो म्हणाला. त्याची चूक मी मानत नाही. भरलेली गाडी आणि वर पाऊस, अशा वेळी माणूस पुढे निघण्याचाच विचार करतो. पण गाडी ओढत का नव्हती याचे उत्तर मला माहीत होते, कारण दिवाळीच्या आधी मी डिझेलचा फिल्टर बदलला तेव्हा त्यातून तांबूस गाळ आणि अर्धी वाटीभर पाणी निघाले होते. इंजिन उपाशी होते ते तुंबलेल्या फिल्टरमुळे. पंप वाढवून त्याला थोडेफार पोहोचवले गेले, आणि पुढे फिल्टर मोकळा झाल्यावर वाढवलेले सगळे डिझेल आत जाऊ लागले. चढाला मागून निघणारा काळा धूर आम्ही दिवाळीनंतर पाहत होतो. त्याचा आणि स्लोचा संबंध आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. टर्बो नसलेल्या इंजिनात शिरणारी हवा तेवढीच राहते, त्यामुळे वाढवलेल्या डिझेलपैकी जे जळत नाही ते धूर होऊन बाहेर पडते, आणि जे उशिरा जळते ते पिस्टनला आणि व्हॉल्व्हला भाजून काढते.

निदान पक्के करण्यासाठी मी एकच गोष्ट स्वतः केली. नट आणि स्क्रू यांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, नट ढिला केला आणि स्क्रू पाव फेरी बाहेर घेतला. गरम इंजिनाचा आकडा ११८० वरून १०९० वर आला. आणखी पाव फेरी, आणि तो हजाराच्या खाली उतरला. एवढ्यावर मी थांबलो आणि नट कसला. निदान सिद्ध झाले होते. पण किती फेऱ्या परत घ्यायच्या हे कानाने किंवा धुराने ठरवणे मला योग्य वाटले नाही, कारण मूळ खूण कुठे होती हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते. डिझेल जरुरीपेक्षा कमी केले तर भरलेली गाडी चढावर दम तोडते आणि थंडीत सुरू व्हायला त्रास देते.

पंप उतरवून मी नाशिकला पंप-नोझलच्या दुकानात नेला. इथे हे काम जाणणारी माणसे पिढ्यान् पिढ्या आहेत. १९५१ साली बंगळुरूत सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ‘मायको’ हे आद्याक्षरी नाव आपल्याकडे इतके रुळले की २००८ साली ती बॉश लिमिटेड झाल्यावरही कुठल्याही डिझेल पंपाला जुने मिस्त्री ‘मायको पंप’च म्हणतात, आणि तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना नाशिकच्या सातपूरलाच आहे. दुकानातल्या काकांनी पंप बाकावर चढवला, मोटरने फिरवला, आणि चार काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचे डिझेल वेगवेगळे जमा करून मला दाखवले. माझ्या अर्ध्या फेरीनंतरही पूर्ण भाराचे माप पंपाच्या ठरलेल्या मापांच्या तक्त्यापेक्षा जास्त होते. चारही नळ्यांतली पातळी मात्र सारखी होती, म्हणजे दट्ट्या आणि व्हॉल्व्ह शाबूत होते. “पंप चांगला आहे तुमचा. याला फक्त कुणी छेडायला नको होते,” काका म्हणाले. त्यांनी लिव्हरच्या शाफ्टची रबरी रिंग बदलली, स्क्रू तक्त्याप्रमाणे मागे आणला, मग कमी वेगाचे माप जुळवले आणि शेवटी तार ओवून नवे सील मारले.

पंप परत बसवताना टायमिंगची खूण जुळवण्यात एक अख्खी सकाळ गेली, कारण खूण दिसायला आरसा लागतो आणि पंपाच्या खालच्या बोल्टपर्यंत पाना सरळ पोहोचत नाही. हवा काढून गाडी सुरू केली, वीस मिनिटे गरम होऊ दिली आणि टॅकोमीटर धरला. ७६०. लिव्हर आता स्लोच्या स्क्रूवर टेकला होता आणि कागदाची पट्टी घट्ट अडकत होती. तो स्क्रू आत घेत ८२० वर आणला, नट कसला आणि केबल जोडताना तिला अगदी थोडा ढिलेपणा ठेवला, म्हणजे पुढेमागे केबल आखडली तरी लिव्हर स्क्रूवरून उचलला जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी शेडमध्ये रिव्हर्स घेतला तेव्हा मी मुद्दाम मागे उभा राहून पाहिले. गिअर कुरकुर न करता पडला, आणि क्लच सुटत गेला तशी गाडी बैलाच्या चालीने मागे आली. त्यानंतरच्या आठवड्यात भरलेली गाडी चढावर नेली; काळा धूर नव्हता, आणि नव्या फिल्टरवर ती तिसऱ्या गिअरमध्ये जिथवर जायची तिथवर गेली. चुलतभावाला मी पंपावरची तार दाखवून ठेवली आहे, आणि डिझेल फिल्टरमधले पाणी दर महिन्याला काढण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.